दोन बोडके नट

घरातल्या झेन गाडीचा एसी काढला त्या दिवशी साधनाचं डोकं फिरलं. बिघडलेला असता तर ती काही बोलली नसती. पण चांगला गारेगार चालणारा एसी निवृत्ती आणि तेजस्विनी, बापलेकीने मिळून, मुळासकट उपटला आणि एकेक तुकडा वजनकाट्यावर ठेवून दोघं खूश होत बसले. घरात कांदे किती उरलेत याचा ज्यांना पत्ता नसतो, ती माणसं ग्रॅमवर आली होती.

“उन्हाळ्यात कसं बसायचं गाडीत?” साधनाने नवऱ्याला विचारलं.

उत्तर लेकीने दिलं. “आई, या गाडीत आता कुणी बसायचंच नाही. फक्त मी.”

एसीच्या मागोमाग गालिचा गेला, दारांच्या आतली अस्तरं गेली, टेप गेला. आवाज येऊ नये म्हणून पत्र्याला चिकटवलेले डांबरासारखे जाड थर होते, ते निवृत्तीने छिन्नीने खरवडून काढले. मागचं सीट मात्र साधनाने भंगारात जाऊ दिलं नाही. तिने ते ओट्यावर भिंतीला टेकवून मांडलं. याच सीटवर बसून ती वणीच्या गडाला गेली होती, पुतण्यांच्या लग्नांना गेली होती. आता त्यावर बसून ती मेथी निवडायची आणि समोरच्या शेडमध्ये आपल्या गाडीचा सांगाडा होताना बघायची.

तेजस्विनी सातपूरच्या एका कंपनीत डिझाइनचं काम करायची. हे वेड तिला कॉलेजात लागलं. आखून दिलेल्या वाटेवरून एकेकाने गाडी पळवायची आणि सगळ्यांत कमी वेळ कुणाला लागतो ते बघायचं, असा तो खेळ. आधी ती नुसती बघायला जायची, मग मित्रांच्या गाड्यांखाली घुसून काळी होऊन यायला लागली, आणि शेवटी एके दिवशी घरातल्या जुन्या झेनकडे तिची नजर वळली. निवृत्ती हो म्हणेल असं साधनाला वाटलं नव्हतं. पण रिटायर झाल्यापासून त्याचे हात शिवशिवत होते. तो लगेच तयार झाला. त्याने एकच अट घातली, की गाडीचा एकही नट तेजूने आवळायचा नाही, सगळे तो स्वतः आवळणार.

निवृत्तीचं सगळं आयुष्य ओझरच्या विमानांच्या कारखान्यात गेलं होतं. तिथली एक सवय तो घरी घेऊन आला होता. नट आवळला की त्यावर तो लाल रंगाची बारीक रेघ ओढायचा. कारखान्यात त्यासाठी वेगळा रंग मिळायचा, घरी तो नेलपॉलिश वापरायचा. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात पोरीबाळींच्या घोळक्यात उभं राहून लालभडक बाटली मागायला त्याला काही म्हणजे काही वाटायचं नाही. घरातल्या पंख्यावर रेघ होती, शिलाई मशीनच्या पायावर रेघ होती, देव्हाऱ्याच्या बिजागरीवरसुद्धा होती. लग्नानंतर साधनाने एकदा विचारलं होतं, हे काय म्हणून.

“माझ्या हातची खूण,” तो म्हणाला होता.

भांड्यावर नाव घालतात तसंच काहीतरी असेल, असं समजून तिने पुन्हा कधी विचारलं नाही. नवऱ्याच्या प्रत्येक खुळाचा अर्थ लावत बसलं तर संसार कधी करायचा?

पुढे अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने गाडीच्या आत जाड पायपांचा पिंजरा बसवून दिला. तो बघून साधनाला धडकीच भरली. तेजस्विनीने तिला समजावून सांगितलं, अगदी मनापासून, की गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून हा असतो. ‘उलटली तर’ एवढं ऐकल्यावर पुढचं साधनाला ऐकूच आलं नाही.

आणि मग तिने ते केलं, ज्याची तिला पुढे लाज वाटत राहिली. श्रावणात सरावाचा दिवस ठरला होता. त्या सकाळी साधनाच्या छातीत दुखायला लागलं. बापलेक तिला घेऊन दवाखान्यात धावले. कार्डिओग्राम स्वच्छ निघाला, डॉक्टरांनी विश्रांती घ्या म्हणून सांगितलं, सराव राहिला. दुपारी तेजस्विनी चहा घेऊन खोलीत येत होती, तेव्हा साधना माहेरी, गिरणाऱ्याच्या भावजयीला फोनवर सांगत होती, “काय झालं नाय गं मला. गाडी बाहेर काढू द्यायची नव्हती, म्हणून पडून राहिले.”

तेजस्विनी ओरडली नाही. तिने कप टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “आई, मी खरंच घाबरले होते. उद्या तुला खरोखर काही झालं तर मी काय समजायचं?”

साधनाने त्याच संध्याकाळी देवासमोर उभं राहून लेकीला सांगितलं की आता या गाडीच्या बाबतीत ती एक शब्द बोलणार नाही. तेजस्विनी बरं म्हणाली. पण तिचा विश्वास बसलेला नाही हे साधनाला दिसलं, आणि ते तिला फार लागलं.

स्पर्धा दसऱ्याच्या सकाळी होती. अष्टमीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत निवृत्ती गाडीखालीच होता. शेवटी चाकं बसली, गाडी खाली लावलेल्या लोखंडी घोड्यांवरून जमिनीवर उतरली आणि साधनाने जेवायला हाक मारली, तेव्हा तो हात पुसत म्हणाला, “थोडं राहिलंय. सकाळी उठून करतो.”

सकाळी उठून त्याला काही करता आलं नाही, कारण ती खंडेनवमी होती आणि साधना त्याच्या आधी उठली होती. पाने, पक्कड, हातोडी, जॅक, सगळं तिने पुसून पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडूची फुलं ठेवली होती. खंडेनवमीला पूजा झाली की हत्यारांना विश्रांती, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हे साधनाच्या माहेरी कडक पाळायचे आणि सासरी आल्यावर तिने ते आणखी कडक केलं होतं. निवृत्ती पाटासमोर जरा वेळ उभा राहिला. कारखान्यातही त्या दिवशी यंत्रं बंदच असायची. तो पेपर वाचायला बसला.

दुपारी घर शांत झाल्यावर साधना ताट घेऊन शेडमध्ये गेली. वर्षभर तिने या गाडीचा राग राग केला होता. पण आता पोर उद्या तिच्यात बसणारच आहे, तर गाडीशी भांडून काय मिळणार, असं तिला वाटलं. तिने बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हार घातला, चारी चाकांना ओवाळलं. पुढची चाकं एका बाजूला वळलेली होती, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. आत जिकडेतिकडे निवृत्तीच्या लाल रेघा. प्रत्येक नटाच्या कपाळी लाल. खाली चाकाला धरून ठेवणारी एक आडवी पट्टी होती, तिचा नट मात्र कोरा. दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं तर तिथलाही तसाच.

सणाच्या दिवशी सगळ्यांनी कुंकू लावून बसायचं आणि हे दोघंच बोडके, हे काही तिला बघवेना. बोट तिथवर पोचत नव्हतं. मग तिने कुंकवात गोडंतेल कालवलं, उदबत्तीची काडी त्यात बुडवली आणि शेजारच्या नटांना होती तशीच, वरून खाली, एकेक बारीक रेघ ओढली. हात जोडले. माझ्या लेकराला सांभाळा, एवढंच म्हणाली. घरात आल्यावर तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं?

दसऱ्याला उजाडताच साधनाचा भाचा रोहित भाजीची पिकअप घेऊन गिरणाऱ्याहून आला. पूजा उतरवून निवृत्तीने हत्यारं पेटीत भरली, बॅटरी मारत एकदा गाडीखाली जाऊन आला, आणि पिकअपच्या मागे टोचन लावून सगळी वरात हळूहळू अंबडकडे निघाली. तिथे बंद पडलेल्या एका कारखान्याचं मोठं आवार होतं. आतल्या रस्त्यांवर प्लास्टिकचे शंकू मांडून वाट आखली होती. पोरंच पोरं, गाड्याच गाड्या, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं कळू नये. साधना सणाची साडी नेसून, पुरणपोळीचा डबा मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. तिने ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही.

गाडी वाटेवर सोडण्याआधी तपासायला संघर्ष नावाचा एक तरुण होता. त्याने हार काढायला लावला, सीटचे पट्टे ओढून बघितले, पिंजऱ्याचे जोड बघितले. मग पुढच्या चाकाशी वाकून त्याने आत बॅटरी मारली.

“काका, खालच्या आर्मचे, या आडव्या पट्ट्यांचे, नट गाडी जमिनीवर उतरवल्यावरच आवळलेत ना? वर उचललेली असताना आवळले तर रबर पिळतं.”

“मला शिकवतोस का रे,” निवृत्ती हसून म्हणाला. “गाडी उतरवली आणि मगच आवळले. रेघ बघ.”

“रेघ म्हणजे?”

निवृत्तीला हेच हवं होतं. त्याने पँट वर ओढली आणि आजूबाजूच्या चारदोन पोरांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या ओझरची पद्धत. नट पूर्ण आवळल्याशिवाय त्यावर रेघ पडत नाही. रेघ नाही म्हणजे काम राहिलंय. मलासुद्धा आज पहाटे शंका आली होती, हे दोन करायचे राहिले की काय. खाली जाऊन बघितलं तर रेघ होती. माणूस विसरतो, रेघ विसरत नाही.”

संघर्षने दोन्ही बाजूंना बॅटरी मारली, मान डोलावली आणि काचेवर तपासणीचा कागद चिकटवला. तेजस्विनीने हेल्मेट चढवलं. गाडी रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढे दोनच गाड्या होत्या.

साधनाच्या मांडीवरचा डबा घसरून खाली पडला.

ती उठून निवृत्तीपाशी गेली आणि त्याची बाही धरली. “अहो, ते दोन नट तुम्ही आवळले नाहीत.”

“कोणते?”

“ते खालचे. त्यांना लाल नव्हतं. मी लावलं, पूजेला.”

निवृत्तीने तिच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता, आणि राग परवडला असता. “साधना,” तो हळू आवाजात म्हणाला, “आज नको. चार लोकांत नको. पोरीने वर्ष घातलंय यात.”

“मी खरं सांगते.”

“तेव्हाही तू खरंच सांगत होतीस.”

एवढं बोलून तो वाटेकडे तोंड करून उभा राहिला. तिने रोहितकडे बघितलं. रोहितने नजर चुकवली. त्यालाही आईकडून दवाखान्याची गोष्ट कळलेली होती. साधनाला कळून चुकलं की आता ती देवाची शपथ घेऊन बोलली तरी ते नाटकच ठरणार. हे दार तिने आपल्या हाताने लावून घेतलं होतं. तिकडे पुढची गाडी सुटली. झेन एक जागा पुढे सरकली.

मग साधनाने दोरी ओलांडली.

“ओ मावशी,” म्हणून कुणीतरी ओरडलं. ती थांबली नाही. भर उन्हात, जरीकाठाची साडी सावरत ती रांगेपर्यंत गेली आणि झेनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तेजस्विनीने इंजिन बंद केलं. हेल्मेटमधून फक्त तिचे डोळे दिसत होते, आणि ते भरून आले होते.

“आई, तू शब्द दिला होतास.”

“दिला होता. मग मला लय बोल, पण आधी चाक वळव.”

“कशाला?”

“वळव म्हणते ना.”

आवाजात काय होतं कुणास ठाऊक, तेजस्विनीने चाक वळवलं. साधना खाली बसली. बसून हात पोचेना, म्हणून ती आडवी झाली, तशीच, डांबरावर. लोक बघत होते. कुणीतरी मोबाइल काढला. तिने अंगठा जिभेला लावला, हात आत घातला आणि नटावर घासला. हात बाहेर काढला तेव्हा अंगठा लाल होता.

तोवर निवृत्ती धावत आला होता. त्याने तिला उठवायला हात पुढे केला आणि तिने त्या हातावर आपला अंगठा टेकवला. निवृत्तीने आधी आपला तळहात बघितला. मग तो नाकाशी नेला. कुंकू आणि गोडंतेल. वाळलेलं नेलपॉलिश थुंकीने निघत नाही, हे त्याच्याइतकं तिथे कुणाला माहीत होतं?

तो गुडघ्यांवर बसला आणि रोहितला म्हणाला, “पाना आण.”

पाना लागला आणि नट फिरला, नुसत्या मनगटाने, काही जोर न लावता. निवृत्तीने तो आणखी फिरवला, आणखी फिरवला. संघर्ष बाजूला वाकून बघत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. पहिल्याच कडक वळणाला ही पट्टी निसटली असती आणि चाक आडवं झालं असतं, हे साधनाला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. ती समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर ते वाचत होती.

“तुमचा नंबर सगळ्यांत शेवटी घेतो,” संघर्ष म्हणाला. “आता नीट करा.”

गाडी बाजूला घेतली. निवृत्तीने दोन्ही नट आवळले. मग ओलं फडकं घेऊन तो गाडीखाली शिरला आणि असेल नसेल ती प्रत्येक रेघ घासून बघायला लागला. त्या दुसऱ्या नटावरचं कुंकू सोडलं तर एकेक रेघ जागच्या जागी राहिली, पण तो थांबला नाही. बाहेर आला तेव्हा एकदम म्हातारा दिसत होता. साधनाला त्याची फार दया आली. तिला वाटलं होतं, खरं ठरल्यावर बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

“इतकी वर्षं,” तो म्हणाला, “माझी रेघ कधी खोटी निघाली नाही.”

“तुमची नव्हतीच ती. माझी होती.”

“मला ओळखता यायला हवी होती.” त्याने खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, दोन्ही नटांवर रेघा ओढल्या आणि बाटलीकडे बघत म्हणाला, “उद्यापासून दुसरा रंग. पिवळा आणतो.”

“पिवळा नका आणू. मी हळदपण वाहते.”

“मग निळा.”

“निळा चालेल,” साधना म्हणाली. एवढ्यावर दोघांचं मिटलं.

शेवटची गाडी येऊन थांबली आणि झेनचा नंबर लागला. तेजस्विनी आत बसली, पट्टे आवळले, हात स्टिअरिंगवर ठेवले. पण गाडी सुरू केली नाही. तिने हेल्मेटची काच वर केली आणि हाक मारली.

“आई.”

साधना खिडकीपाशी वाकली. लेकीला त्या पिंजऱ्यात बसलेली इतक्या जवळून बघायची तिची पहिलीच वेळ. नुसता पत्रा, पाइप आणि मधोमध तिची पोर.

“तू सांग,” तेजस्विनी म्हणाली. “जाऊ?”

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. आज आई नको म्हणाली तर ती पट्टे सोडून उतरणार होती, आणि निवृत्तीही ब्र काढणार नव्हता. वर्षभर साधनाला जे हवं होतं ते आता एका शब्दावर आलं होतं. आणि तो शब्द तिच्या घशात तयार होता, कालपासून नव्हे, पिंजरा बसला त्या दिवसापासून. कोण तिला नावं ठेवणार होतं? आज तर कुणीच नाही.

तिने लेकीच्या डोळ्यांत बघितलं. श्रावणापासून त्या डोळ्यांत नव्हतं ते परत आलं होतं. ‘नको’ म्हटलं तर पोर मुकाट ऐकेल, आणि आईने हा विश्वास कशासाठी खर्च केला, हे जन्मभर लक्षात ठेवेल.

“जा,” ती म्हणाली. “आणि माझा चांगला एसी उपटलाय तुम्ही, तर आता जोरात पळव.”

काच खाली आली. संघर्षने झेंडा पाडला आणि झेन सुटली. साधना दोरीपाशी निवृत्तीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने दोरी दोन्ही हातांनी धरली होती. अंगठ्यावर अजून लाल होतं. गाडी सरळ रस्ता संपवून वळणावर आली, बाहेरच्या बाजूला झुकली, टायर किंचाळले, आणि ती चारही चाकांवर वळणातून बाहेर पडली. साधनाने ते सगळं बघितलं. मग तिने शेजारी बघितलं. निवृत्तीने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

“उघडा डोळे,” साधना म्हणाली. “पहिलं वळण गेलं.”